जिन्यातलं बटण

ऐका, पण मध्ये हसायचं नाही. आणि तू रे, मोबाईल खाली ठेव.

माझा एक बेकरीवाला दोस्त. विजेच्या बिलाचा त्यानं इतका धसका घेतलेला की आम्ही त्याला 'युनिट'च म्हणायचो. गेल्या थंडीतली गोष्ट. शनिवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. जेवणं उरकली आणि युनिट जिन्याच्या पायथ्याचा दिवा बदलायला निघाला. जुना, वेटोळ्या नळीचा सीएफएल काढून एलईडी बसवायचा, एवढंच काम.

त्या सीएफएलची एक खोड होती. बटण दाबलं की आधी नुसता मिणमिणायचा, पुरता उजळायला वेळ घ्यायचा. त्याची आई कुरकुरायची, "अरे, मी खाली पोचते तेव्हा कुठे याला जाग येते."

"जरा थांबायला काय होतं गं तुला? बिल बघ किती कमी आलंय."

बिचारी थांबायला लागली. पण एका संध्याकाळी सासरहून त्याच्या ताईचा फोन आला आणि यानंच खालून हाकांचा सपाटा लावला, "आई, पटकन ये, ताई खोळंबलीय!" आईनं बटण दाबलं. त्या दिवशी ती थांबली नाही. पडली, आणि जिन्यातच गेली.

लोक जमायच्या आत युनिटनं वर जाऊन बटण बंद केलं. सगळ्यांना सांगितलं, आईनं दिवाच लावला नव्हता. ताईलाही तेच. तेव्हापासून त्याला स्वतःच्याच घरात वावरायची लाज वाटायची.

तर त्या रात्री त्यानं वरचं बटण बंद केलं, दोनदा बघून केलं, आणि खाली येऊन स्टुलावर चढला. दिवा बुडाशी धरायचा, काचेला नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या जिन्यात त्याचं लक्ष थाऱ्यावर नसायचं. काचच धरली गेली आणि फुटली.

बायको धावत आली. "झाडू मारू नका हं, पारा असतो त्यात. खिडक्या उघडा आणि आधी बाहेर या."

ती पोरांना घेऊन शेजारी गेली. खिडक्या उघड्या टाकून थोड्या वेळानं युनिट एकटाच आत आला. हातमोजे घातले. मोबाईलच्या उजेडात जाड पुठ्ठ्यानं तुकडे उचलले, चुरा चिकटपट्टीनं टिपला, सगळं बरणीत घालून झाकण घट्ट लावलं.

तेवढ्यात ताईचा फोन. "दिवा बदललास? बरं केलंस. आईनं तेवढं बटण दाबलं असतं तर... किती वेंधळी रे ती."

नेहमीसारखं 'हो ना' म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

वर... टक्.

बटणाचा आवाज.

घरात कुणी नाही. होल्डर रिकामा.

पावलं वाजली नाहीत. वरच्या पायरीवर कुणीतरी उभं होतं... थांबलेलं... उजेडाची वाट बघत.

"ऐकतोयस ना?" फोनवर ताई.

"ताई... वेंधळी नव्हती ती. दिवा लावला होता तिनं. घाई मी केली. बटण... नंतर मी बंद केलं."





बायको परत आली तेव्हा तो फोन कानाशी धरून तसाच उभा होता. तिनं पुढं केलेला एलईडी त्यानं होल्डरमध्ये बसवला, आणि तो तिथल्या तिथे लख्ख पेटला.

"अहो," बायको म्हणाली, "वरचं बटण बंद केलं होतंत ना?"

ते बटण युनिटनं आजतागायत बंद केलेलं नाही. बिल येतं तेवढं मुकाट्यानं भरतो.