तळपायावरची टिचकी

अनुपमा सिस्टर त्या दुपारी ड्युटीवर आली ती चप्पल हातात घेऊनच. महाडच्या बाजारपेठेत गुडघाभर पाणी होतं आणि सावित्री अजून चढतच होती. दवाखान्याचा नवजात कक्ष दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे तिथं पाण्याची भीती नव्हती. तिनं पाय धुतले, कपडे बदलले, कोपरापर्यंत हात घासले आणि कक्षाच्या दारात थबकली. या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत जमिनीवर कुणीतरी मोहरी पसरली होती.

बाहेरच्या बाकावर कमळाबाई पदर घट्ट आवळून बसली होती.

"आजी, हे तुमचं काम का?"

"माजंच, ताई. पन झाडू नको. तुज्या पाया परते, झाडू नको."

अनुपमाला कारण ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी कमळाबाईची सून आवडी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतून निघाली, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या म्हणून. रस्त्यावर दरड आलेली. ती उपसेपर्यंत गाडीतच बाळंत झाली आणि महाड गाठायच्या आत रक्त जाऊन गेली. मुलगी मात्र राहिली, सव्वा किलोची. मुंबईच्या हॉटेलातून धावत आलेला नवरा, हृतिक, गावी बायकोचे दिवस करत होता आणि नातीपाशी म्हातारी एकटी.

बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते आणि पोर न्यायला परत येते, असं त्या वाड्यांमधून अजून मानतात. वाटेवर मोहरी टाकली की ती एकेक दाणा वेचत बसते आणि दार काही गाठत नाही.

अनुपमा सोळा वर्षं हेच काम करत होती. म्हातारीला हसण्याइतकी ती कोडगी नव्हती, पण स्वच्छतेच्या बाबतीत सख्ख्या बहिणीचीही भीड तिनं ठेवली नसती. "आजी, आत धुळीचा कण चालत नाही," म्हणत तिनं ओल्या फडक्यानं उंबरा लख्ख पुसून काढला. शिस्त म्हणा, चूक म्हणा.

साडेतीनला वीज गेली. जनरेटर तळमजल्यावर, आणि तळमजल्यात पाणी. यंत्रांचा टीट-टीट आवाज थोडा वेळ बॅटरीवर चालला, मग एकेक करत बंद पडला. आभाळ इतकं काळं झालं होतं की चार वाजता खिडकीतून जेमतेम उजेड येत होता. डॉक्टर नदीपलीकडे अडकले होते. दुसरी सिस्टर बिरवाडीहून निघूच शकली नव्हती. चार बाळं आणि अनुपमाचे दोन हात.

तिनं पहिल्या दोघांना शेजारच्या खोलीत त्यांच्या आयांच्या उघड्या छातीशी दिलं, वरून दुलई बांधली. आईच्या अंगाएवढी ऊब कुठलंच यंत्र देत नाही. मग ती कमळाबाईकडे वळली.

"आजी, नात छातीशी घ्या. ती गार पडली तर..."

"मी नाय घ्यायची." म्हातारी मागं सरली. "आवडीला वाटंल, सासूनं माजी लेक हिसकावली. मग आमाला दोगींनाबी ठेवायची नाय ती."

वाद घालायला वेळ नव्हता, कारण चौथं बाळ धापा टाकायला लागलं होतं. इरावती नावाच्या शिक्षिकेचा मुलगा, लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला. इरावती स्वतः ऑपरेशन होऊन पहिल्या मजल्यावरच्या वॉर्डात पडलेली. अनुपमानं आवडीची मुलगी कापसात गुंडाळून ठेवली, इरावतीच्या बाळाच्या तोंडावर इवलासा मास्क धरला आणि त्याला जोडलेली हवेची पिशवी हातानं दाबायला लागली. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. तो हात सोडायची सोय नव्हती.

वेळेआधी आलेली लेकरं श्वास घ्यायला विसरतात. खरंच विसरतात, खेळता खेळता एखादं पोर निरोप विसरतं तशी. मग सिस्टरनं तळपायावर हलकी टिचकी मारायची. लेकरू दचकतं, रडतं, श्वास घेतं. साधं काम आहे. पण ते क्षणात व्हावं लागतं आणि त्यासाठी कुणीतरी जवळ असावं लागतं.

आवडीच्या मुलीची छाती हलायची थांबली, तेव्हा अनुपमा तिच्यापासून पाच पावलांवर होती.

"आजी! आत या! तिच्या तळव्यावर टिचकी मारा... लवकर!"

कमळाबाई उंबऱ्यात उभी होती. तिचा पाय पुढं पडेना.

"आजी, ती निळी पडतेय!"

त्याच वेळी वास आला. ओवा-वावडिंगाच्या धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीत येतो तो. त्या मजल्यावर काडी ओढायलाही बंदी होती.

"आली..." कमळाबाई पुटपुटली. "ताई, ती आली गो..."

अनुपमाला कुणीच दिसलं नाही. दिसला तो फक्त कापसातून बाहेर आलेला अंगठ्याएवढा पाय. तो थोडा उचलला गेला. कुणीतरी खालून बोटांवर तोलावा तसा. मग तळव्याला झटका बसला आणि मुलगी चिरक्या आवाजात रडली.

अनुपमाचा पिशवी दाबणारा हात थांबला नाही. एक, दोन, तीन.

तासाभरात मुलगी आणखी दोनदा श्वास विसरली. दोन्ही वेळा तो वास दाटला, पाय उचलला गेला आणि टिचकी बसली. तिसऱ्या वेळेनंतर कमळाबाई रडत आत आली. तिनं चोळीची गाठ सोडली, नातीला छातीशी घेतलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "मी धरते गो आता. तू बस जरा. पायावर उभीच हायस तवापासनं."

सहाला वीज आली. चारही बाळं जिवंत होती. अनुपमानं मुलीचा तळवा दिव्याखाली धरला. त्यावर बाईमाणसाच्या बोटाच्या टोकाएवढे तीन लाल ठसे होते. भीती होतीच, तरी तिचे डोळे भरून आले ते कृतज्ञतेनं. त्या अंधारात ती एकटी पडली नव्हती. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून तिनं हात जोडले. "बाई, तुझे उपकार कसे फेडू..." ती म्हणाली.

पुढच्या महिनाभरात तिनं कमळाबाईला सगळं शिकवलं. वाटीचमच्यानं दूध कसं पाजायचं, छातीशी कसं बांधायचं, ओठ निळे दिसले तर काय करायचं. म्हातारी झटपट शिकली. रात्री तिला झोप आली नाही की अनुपमा तिच्यापाशी बसायची, आणि म्हातारी सुनेच्या गोष्टी सांगायची. आवडीला भात लावताना गाणी म्हणायची सवय होती. सासूशी भांडली की ती चुलीशी रुसून बसायची. भीती हळूहळू आठवणीत विरत गेली.

मुलगी पावणेदोन किलोची झाली, तेव्हा हृतिक न्यायला आला. त्यानं अनुपमाच्या हातात सुकेळ्यांची पुडी ठेवली. कमळाबाई नातीला घेऊन निघाली, दारात थांबली, मागं वळली आणि दुपारच्या लख्ख उजेडात, सगळ्यांदेखत, कक्षाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून तिनं हाक मारली.

"चल गो आवडे, घरी चल. लेक घेतलीय मी. तूबी ये."

वाटेवर मोहरी टाकू नकोस, असं तिनं हृतिकला बजावलं. आपल्या शेजारून कुणीतरी बाहेर पडल्यासारखं अनुपमाला वाटलं. महिनाभर कोपऱ्यात रेंगाळणारा धुरीचा वास त्यांच्यामागं जिना उतरून गेला. रिक्षा वळेपर्यंत ती खिडकीत उभी होती. तिला इतकं हलकं वाटत होतं की ती चक्क गुणगुणायला लागली.

ती वळली तेव्हा कोपऱ्यातलं नवं बाळ, कालच आलेलं, निळं पडत होतं.

अनुपमा धावली. दोन पावलं उरली असतील. बाळाचा पाय उचलला गेला, टिचकी बसली, बाळ रडलं.

 या वेळी कसलाही वास नव्हता. आवडी तर घरी गेली होती. आत्ताच, तिच्या डोळ्यांदेखत.

धीर करून तिनं तो तळवा उजेडात धरला. ठसा उमटत होता, लाल, ताजा. तिनं आपलं बोट त्याच्याशेजारी ठेवून पाहिलं. ठसा तिच्या बोटाच्या निम्माही नव्हता. चार-पाच वर्षांच्या पोराचं बोट असावं, एवढाच. सोळा वर्षांत या कक्षातच दगावलेली, घरी न गेलेली लेकरं तिला एकेक आठवायला लागली. चार-पाच वर्षांपूर्वी गेलेलं एखादं जगतं तर आज एवढंच असतं...

गुडघे टेकून ती पाळण्याच्या उंचीला आली.

"कुणाचं रे तू बाळ?" तिनं हळूच विचारलं.

तिच्या पदराला खालून कुणीतरी ओढलं.