सव्वीस वेळा दाबलेलं बटण

मानवजातीनं अंतराळ जिंकलं होतं. चंद्रावर वसाहत होती, मंगळावर बटाटे पिकत होते, आणि टिपणीस आजोबांच्या घरी सकाळपासून इंटरनेट नव्हतं.

घर रेडिओ-दुर्बिणीच्या पठारावर होतं. ही दुर्बीण ताऱ्यांची अगदी क्षीण कुजबुज ऐकते, म्हणून आसपास बिनतारी काहीही लावायला बंदी. त्यामुळे इथे अजून डीएसएल (टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट) टिकून होतं. पाच वाजता आजोबांच्या नातीची, शाल्मलीची आई चंद्रावरून बोलणार होती. पंधरा दिवसांतून एकदा, दहा मिनिटं. आईला दाखवायला शाल्मलीनं पडलेला दात डबीत जपून ठेवला होता. सव्वाचार झाले होते.

"आजोबा, बघा ना."

आजोबा उठले. म्हणजे उठायचं ठरवलं; प्रत्यक्ष उठायला आणखी थोडा वेळ लागला. चाळीस वर्षं तारे ऐकून निवृत्त झालेल्या या माणसाला घरात एकच शास्त्रीय प्रश्न विचारला जाई: नेट का गेलं?

राउटरचा दिवा लुकलुकत होता. शाल्मलीचं बोट बटणाकडे गेलं.

"थांब. आज किती वेळा बंद-चालू केलंस?"

"आठ."

"मी पंधरा," घरकाम करणारा यंत्रमानव यंत्रू फडकं थांबवून म्हणाला. "जाता-येता एकदा दाबायचं. चंद्रावर जाण्याआधी ताईंनी तसंच शिकवलंय."

आजोबांनी स्वतःचे तीन मनातल्या मनात मिळवले.

"हे बघ," ते खाली बसत म्हणाले. "एकाच तारेतून आपलं बोलणंही जातं आणि इंटरनेटही. बोलण्याची वारंवारता (एका सेकंदात होणारी कंपनं) कमी, इंटरनेटची खूप जास्त. म्हणून दोघांची सरमिसळ होत नाही. तारेला लावलेली ही छोटी डबी त्यांना वेगळं करते."

"मग दिवा का लुकलुकतोय?"

"राउटरची टेलिफोन केंद्राशी बोलणी चाललीत. तारेवर वारंवारतांचे शेकडो बारीक पट्टे असतात. कुठल्या पट्ट्यावर किती खरखर आहे, ते दोघं तपासतात. जिथे शांत, तिथून जास्त माहिती पाठवायची. जिथे खरखर, तिथून कमी. याला दोन-तीन मिनिटं लागतात."

"आणि मध्येच बटण दाबलं तर?"

"पुन्हा पहिल्यापासून. केंद्राला आपलं बोट दिसत नाही. त्याला वाटतं, जोडणी सारखी तुटतेय, म्हणजे तारच आजारी. मग जोडणी टिकावी म्हणून ते वेग कमी करतं. वेग कमी झाला, की आपण..."

"बटण दाबतो," शाल्मली हळूच म्हणाली. "मग औषध काय?"

"काही न करणं. चार दिवस जोडणी टिकली, की केंद्र आपणहून वेग वाढवतं."

काही न करणं फार दमवणारं निघालं. तिघं राउटरसमोर हाताची घडी घालून बसले. यंत्रूचा हात दोनदा उठला. शाल्मलीनं त्यात पुन्हा फडकं दिलं. अखेर दिवा स्थिर झाला. वेग गोगलगायीचा होता, पण जोडणी पक्की होती.

पाच वाजता आई आली. जरा चौकोनी दिसत होती, पण आईच होती. शाल्मलीनं दात दाखवला, मग वारंवारता, पट्टे, खरखर, सगळं एका दमात सांगितलं. "पुढच्या वेळी वेग वाढलेला असेल. तू गोल दिसशील."

पावणेचार लाख किलोमीटरांवरून उत्तर यायला अडीच सेकंद लागले.

"शहाणी गं माझी. फक्त तुझं चित्र अडकतंय. जरा तेवढा राउटर बंद करून चालू कर ना."