डाव्या भुवईवरची खूण

ही घडलेली गोष्ट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मला "तू तर नेहमीच काहीही सांगतोस" असं म्हणायला नको.

माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडली. तो सोडला तर त्या घरातली सगळी माणसं आजही सावद्याला राहतात.

सगळी म्हणजे... नक्की किती, यावर थोडा वाद आहे.

तारीख ८ ऑक्टोबर २०२३, रविवार. वेळ दुपारी दोनची. अमावास्या नव्हती. पिंपळ नव्हता. कुत्रं रडलं नाही, ते ट्रॅक्टरखाली झोपलं होतं. ज्यांना या वस्तू लागतात त्यांची मी माफी मागतो.

मावसभावाचं नाव भूपेंद्र. वय एकोणतीस, जळगावात नोकरी आणि भाड्याची खोली. सावद्याला केळीची बाग, आई कुंदाबाई म्हणजे माझी मावशी, आणि वडील पितांबर. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही.

आबांच्या डाव्या भुवईवर एक खूण आहे. लहानपणी गोऱ्ह्याचं शिंग लागलं होतं. भुवई मधूनच तुटल्यासारखी दिसते.

डावी भुवई. लक्षात असू द्या.

त्यांच्या ओसरीवर वनाकाकांचा फोटो आहे. वनाकाका म्हणजे आबांचे थोरले भाऊ. १९८४ साली विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून गेले. वय चोवीस. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता.

मग भूपेंद्रच्या आजीने उपाय काढला. बावीस वर्षांच्या आबांना वनाकाकांचा सदरा घातला, टोपी घातली, भुसावळच्या स्टुडिओत नेलं आणि त्यांचाच फोटो काढून आणला. भाऊ-भाऊ दिसायला सारखेच होते. फोटोग्राफरने काहीतरी हातचलाखी केली आणि खूण उजव्या भुवईवर गेली.

आजी म्हणाली, "हा माझा वना."

वनाकाकांना कधी खूण नव्हतीच. पण पुढे त्या खुणेलाही इतिहास मिळाला. भूपेंद्रची आत्या अजून सांगते, वनाभाऊ झोक्यावरून पडला होता, मी स्वतः हळद दाबली होती.

तर जवळजवळ चाळीस वर्षं आबा रोज सकाळी आंघोळ करून स्वतःच्याच फोटोला अगरबत्ती लावत होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाने घागर भरत होते. पितृपक्षात ताट वाढत होते. यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

मलाही नाही. तेव्हा.

सप्टेंबरात आबांच्या छातीत दुखलं. आत्या धुळ्याला असते, म्हणून धुळ्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बायपास. दिवाळीच्या आधी.

 त्या रात्री भूपेंद्रने फोनमधले आबांचे सगळे फोटो पाहिले. दोनशेच्या वर होते. सगळ्यांत केळीचा घड स्पष्ट आणि आबा अर्धे.

आबांचा एक खरा फोटो हवा होता. काही बरंवाईट व्हायच्या आत.

तो पुन्हा धुळ्याला गेला. तो भुसावळचा फोटोग्राफर, धनसिंगभाऊ, आता तिथल्या देवपुरात मुलाकडे राहत होता. त्याच्याकडे दोन डोळ्यांचा, डब्यासारखा जुना कॅमेरा होता. मोठ्या फिल्मचा. एका रोलवर फक्त बारा फोटो, चौकोनी. त्यात माणसाच्या चेहऱ्यावरचा एकेक केस मोजता येतो.

"पोटाशी धर," धनसिंगभाऊ म्हणाले. "मान खाली घाल. वरतून काचेमा बघ."

"भाऊ, हे उलटं दिसतंय. मी डावीकडे वळलो की चित्र उजवीकडे पळतं."

"पळू दे. काच आरशासारखी शे. फिल्मवर सगळं सरळ येस. काचेवर इस्वास ठेवू नको. फिल्म खोटं बोलत नाही."

भूपेंद्रने पहिला रोल उलटा भरला. बारा फोटो काढले, सगळे फिल्ममागच्या कागदाचे. तो कागदही अगदी कोरा आला.

दुसरा रोल त्याने सरळ भरला आणि त्या रविवारी सावद्याला आला.

अंगणात खुर्ची ठेवली. मागे ट्रॅक्टर, नंबर स्वच्छ दिसेल असा. आबा पांढरा शर्ट घालून बसले. डाव्या खिशात पेन, चष्म्याचं घर.

"आबा, इकडे बघा."

"तू तं खाली बघून राह्यला. मी कोणाकडे बघू?"

"कॅमेऱ्याकडे."

"कशाले पाहिजे फोटो? माझा लागेल आहे ना भितीवर. हारासकट."

"शुभ बोला जरा," मावशी स्वयंपाकघरातून ओरडली.

भूपेंद्रने मान खाली घातली. काचेत आबा दिसले. काच आरशासारखी, म्हणून खिसा उजवीकडे. खूण उजव्या भुवईवर.

त्याच्या लक्षात आलं... काचेत आबा हुबेहूब ओसरीवरच्या फोटोसारखे दिसत होते. फक्त म्हातारे.

त्याला गंमत वाटली. तो फोटो काढत गेला. चार, पाच, सहा.

सातव्याला... काचेतला माणूस हसला.

भूपेंद्रने मान वर केली. आबा हसत नव्हते. छातीवर हात ठेवून बसले होते.

"हसलात का?"

"नाही रे. गॅस झाला."

सोमवारी संध्याकाळी जळगावच्या खोलीत त्याने न्हाणीघरात फिल्म धुतली आणि टॉवेल नि बनियनच्या मधे चिमट्याने वाळत टाकली. सेकंड हँड स्कॅनर घेतला होता. काचेवर नेगेटिव्हची पट्टी ठेवायची, झाकण लावायचं, आतला दिवा घरघरत सरकतो आणि इंचाइंचानं चित्र येतं.

आधी ट्रॅक्टर आला. मग खुर्ची. मग आबा.

एकेक सुरकुती दिसत होती. भूपेंद्र खूश झाला.

मग त्याला खूण दिसली.

उजव्या भुवईवर.

आपण पट्टी उलटी ठेवली, तो स्वतःशी म्हणाला. नवशिक्यांचं होतंच असं. त्याने पट्टी पालटली. आता खूण डावीकडे आली. आबा आबांसारखे झाले.

पण मागचा ट्रॅक्टरचा नंबर... उलटा.

त्याने पुन्हा पालटली. नंबर सरळ. खूण उजवीकडे. खिसाही उजवीकडे, पेनासकट.

फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे छापलेले असतात. ते वाचता आले की पट्टी सरळ. त्याने वाचले. पट्टी सरळ होती.

ट्रॅक्टर सरळ होता. कुत्रं सरळ होतं. खुर्चीचा मोडका हात जिकडे मोडलेला होता तिकडेच होता.

फक्त आबा उलटे होते.

बाराच्या बारा फोटोंत.

सातव्यात तो माणूस हसत होता.

पुढच्या रविवारी भूपेंद्र सावद्याला गेला. कोणाला काही सांगितलं नाही. सकाळी ओसरीवर बसून राहिला. आबा आंघोळ करून आले. अगरबत्ती पेटवली. फोटोसमोर ओवाळली.

डाव्या हाताने.

"आबा, हात दुखतोय का?"

"नाही तं."

मग चष्मा शोधायला त्यांनी छातीवर हात नेला. खिसा डावीकडे होता. हात उजवीकडे गेला. जिथे काही नव्हतं तिथे त्यांनी दोनदा थोपटलं... आणि थांबले. आपल्याच हाताकडे बघत राहिले.

"भुप्या," ते हळूच म्हणाले, "मले काही समजून नाही राह्यलं."

आबा असं कधी बोलत नाहीत. केळीचा भाव पडला तरी नाही.

भूपेंद्र बागेत गेला आणि धनसिंगभाऊंना फोन लावून सगळं सांगितलं.

"भाऊ, वनाकाकांच्या फोटोत तुम्ही काय केलं होतं?"



"तुनी आजी हट्टाले पेटली होती. जिवंत पोराचा फोटो हार घालून भितीवर नको म्हने. त्याचं आयुष्य सरतं. मग मी निगेटिव पालटून छापली. डावं उजवीकडे. म्हटलं, घे माय, हा पितांबर नाही. हा दुसरा माणूस."

"म्हणजे तो वनाकाका नाहीत."

"नाही."

"आबाही नाहीत."

"नाही."

"मग कोण आहे तो?"

"माले काय माहीत कोण शे! असा माणूस कधी जन्मालेच नाही आला." ते थांबले. मग म्हणाले, "तुम्ही त्याले किती वर्षं जेवू घातलं?"



"मी ती बारा नेगेटिव्ह जाळून टाकतो," भूपेंद्र म्हणाला.

"जाळू नको! जाळल्यावर दोघांतलं कोण जळेल, हे माले सांगता येत नाही."

मग एकच मार्ग राहिला. आबांना परत फिल्मवर आणायचं. सरळ.

२९ ऑक्टोबरला त्याने नवा रोल भरला. तीच खुर्ची, तीच दुपार. आबा मुकाट बसले. या वेळी थट्टा केली नाही. भूपेंद्र काचेत बघत होता आणि एकेक फोटो काढत होता. मनात म्हणत होता, एक तरी आबांचा येऊ दे.

अकरा झाले.

बाराव्याला काचेतली खुर्ची रिकामी दिसली.

त्याने मान वर केली. आबा जमिनीवर पडले होते.

धुळ्याला नेईपर्यंत आत्याने दवाखान्यात सगळी तयारी करून ठेवली होती. त्याच रात्री ऑपरेशन झालं. पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाचले. डाव्या पायातली शीर काढून हृदयाला लावली आहे, पायाची काळजी घ्या.

मावशी रडली. भूपेंद्रही रडला.

दहा दिवसांनी आबा घरी आले. चालत. अगदी ठणठणीत. जेवण दुप्पट झालं. गावकरी म्हणाले, माणूस नवा होऊन आला.

छातीवरची चीर बरोबर मधोमध होती. त्यात डावं-उजवं काही नसतं.

पायाची पट्टी भूपेंद्रने सोडली.

उजवा पाय.

त्याने दवाखान्याचं कार्ड काढलं. कार्डावर डावा लिहिलेला. त्याने डावा पाय पाहिला. गुळगुळीत. एक ओरखडा नाही.

मग त्याने वर पाहिलं. चेहऱ्याकडे. इतके दिवस पाहायचं टाळत होता.

खूण उजव्या भुवईवर होती.

"काय बघून राह्यला?" तो माणूस म्हणाला. आवाज आबांचाच.

भूपेंद्र ओसरीवर गेला. हार बाजूला केला.

फोटोतली खूण... डावीकडे.

आत्याला दाखवलं तर म्हणाली, तिकडेच तर होती पहिल्यापासून, मी स्वतः हळद दाबली होती.

तेव्हापासून भूपेंद्र दर रविवारी सावद्याला जातो. संध्याकाळी तो माणूस अंगणात खुर्चीवर बसतो. भूपेंद्र समोर बसतो, कॅमेरा पोटाशी धरतो आणि मान खाली घालतो.

काच आरशासारखी आहे. उजवं डावीकडे दिसतं.

काचेत आबा दिसतात. खूण डावीकडे, खिसा डावीकडे. छातीवर हात ठेवून बसलेले. ते वर बघतात, भूपेंद्रकडे.

तो मान वर करतो तेव्हा खुर्चीवरचा माणूस हसत असतो.

"काढ ना," तो म्हणतो. "एकच तं बाकी आहे."

त्या रोलवर अजून एक फोटो शिल्लक आहे. तो काढला तर आबा परत येतील, की जे काचेत उरलेत तेही जातील, हे धनसिंगभाऊंनाही माहीत नाही. भूपेंद्रने बटण दाबलेलं नाही.

मी हे सगळं ऐकून हसलो होतो. म्हटलं, भुप्या, केमिकलचा वास डोक्यात गेला आहे तुझ्या.

मग आखाजीला सावद्याला गेलो.

पितरांची घागर भरलेली होती. आमरस, पुरणपोळी, कुरडया. आबांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. कोणता ते मी पाहिलं नाही. मुद्दामच.

स्वयंपाकघरात मावशी फोटोसमोरचं ताट वाढत होती. चुलीवर मोठ्या पातेल्यात आमटी होती. तिच्याशेजारी एक छोटं भगुनं, वेगळं. मावशीने त्यातली आमटी ताटात घेतली.

"हे वेगळं कशाला, मावशी?"

"भितीवरच्यासाठी."

मी बोट बुडवून चाखलं. आमटी एकदम अळणी.

"मीठ राहिलं की गं यात."

मावशीने ताट उचललं. पदराने डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं नाही.

"डॉक्टरनं मीठ बंद केलं आहे ना त्यांचं," ती म्हणाली.

तेवढ्यात अंगणातून आबांचा आवाज आला.

"कुंदा... मीठ आण बरं जरा."