डाव्या हाताची विडी

बंद कर तो मोबाईल, ताबीश. पिक्चरमधली बाई जीव तोडून सांगती, नवरा म्हणतो तुला भास होतोय, अन् तू हसतोस? शाइस्ता, तूबी बस हितं. जरा ह्या मौलाचाचाचं ऐका.

आमच्या रिक्षा स्टॉपवर प्रभुलिंग होता. भवानी पेठेत दोन खोल्या. बायको वैजयंती घरीच विड्या वळायची. दोन हजार तेवीस, बारा डिसेंबर, मंगळवार, अमावस्या. संध्याकाळी त्यानं तिला वैरागच्या एसटीत बसवलं. थोडे दिवस माहेरी ऱ्हा म्हणाला.

त्याआधी तीन आठवडे ती एकच सांगत होती. रात्री एक म्हातारी येती. दाराकडं पाठ करून सुपापुढं बसती. डाव्या हातानं विड्या वळती. सकाळी सुपात एक विडी उलट्या वळणाची सापडायची. ती दाखवायची, तर हा म्हणायचा, "तूच वळलीस झोपेत. पिक्चर बघून बघून डोकं फिरलंय." डॉक्टरकडनं गोळ्या आणल्या. स्टॉपवर समदे हसले. मीबी हसलो, खोटं कशाला बोलू? आता लाज वाटती.

ती एवढंच मागायची, "एक रात्र माझ्यासंगं जागे ऱ्हावा की." हा कूस बदलून झोपायचा.

त्याची आई, बजाबाई, डावरी होती. तीबी विड्याच वळायची. ह्याच्या लग्नाआधी वारली. सुनेनं तिला कधी बघितलंच न्हाय, ना कुणी सांगितलं. प्रभुलिंगला ठाऊक होतं. तरी गप्प बसला. का, ते मी विचारलं न्हाय.

तिला एसटीत बसवलं, त्या रात्री सव्वाअकराला तो घरी आला. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं. दिवा लावला.

सूप खोलीच्या मधोमध.

सुपात एक विडी...

उलट्या वळणाची.

त्यानं फोन लावला. "वैजू... तुझं खरं होतं."



ती म्हणाली, "मी तितं होते, तवा खोटं होतं व्हय?"

फोन ठेवला. परत आली न्हाय.

विडी त्यानं मला दिली. घरात नको म्हणाला. वळायच्या आधी पान पाण्यात भिजवतात. नंतर ते वाळतं, लगेच कडक होतं. ही तवापासून माझ्या खिशात हाय. दोन उन्हाळे गेले.

घे, शाइस्ता. बोट लाव.

...

ओलं लागतंय न्हवं?