डेलियाचे अकरा सेकंद

अंबाजोगाईच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात यंदा स्नेहसंमेलनातल्या नाटकाची पात्रं लोमटे सर निवडत नव्हते, भाषणमापी निवडत होता. फळ्याशेजारच्या पेटीत बसलेलं हे यंत्र कोणतीही कादंबरी वाचे, कुणाचं बोलणं किती परिणामकारक ते मोजे आणि गुण देऊन मोकळं होई. पन्नासाच्या खालचं पात्र नाटकातून बाद.

रेवती खरातचा जीव टांगणीला लागला होता. नाटक ज्या कादंबरीवर बेतलं होतं, ती अमेरिकेतल्या एका गावाची. चोरीच्या खोट्या आळात अडकलेला कृष्णवर्णीय मुलगा, त्याच्यासाठी तीन पानं घसा फोडणारा गोरा वकील आणि मुलाची आई डेलिया, गोऱ्यांचे कपडे धुणारी. न्यायाधीश तिला विचारतो, "तुला या गावात ओळखतं कोण?" घड्याळाचे अकरा सेकंद जातात. मग ती म्हणते, "तुमच्या अंगातला सदरा मीच धुतलाय, साहेब." या एका वाक्यासाठी रेवतीला डेलिया व्हायचं होतं.

पेटीच्या पडद्यावर निकाल झळकला, सरांनी तो फळ्यावर उतरवला. वकील त्र्याण्णव. डेलिया सात. खाली शेरा: 'अकरा सेकंद थांबली. पाठांतर कच्चे.'

वर्ग खो-खो हसला. रेवती मात्र तडक उठली. "सर, ह्याला शिकवलं तरी कुणी?"

सरांनी डोकं खाजवलं. "चाळीस वर्षांच्या वक्तृत्व स्पर्धांचे गुणतक्ते दिलेत गं त्याला."

"म्हणजे आवेश, हातवारे आणि शेवटी एक कविता!"

"आणि थांबला तो भाषण विसरला," म्हणत सरांनाच हसू फुटलं.

"सर, ह्याचं सगळं लक्ष बोलणाऱ्याकडं. ऐकणाऱ्यांकडं बघायला लावा की त्याला."

सरांनी पेटीचा कॅमेरा बाकांकडे वळवला आणि स्वतः न्यायाधीश होऊन खुर्चीत बसले. आधी यशोधन बियाणीने वकिलाचं भाषण दणक्यात ठोकलं. टाळ्या पडल्या. यंत्राने टाळ्यांसोबत सहा जांभयाही मोजल्या.

मग रेवती उभी राहिली. सरांनी प्रश्न विचारला. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. पाच सेकंद, आठ सेकंद. कुणी खोकलं नाही. अकराव्याला ती शांतपणे ते वाक्य बोलली आणि सरांचा हात नकळत स्वतःच्या कॉलरकडे गेला. मागच्या बाकांवरचेही पाच-सहा हात तसेच गेले. क्षणभराने वर्गाने बाकं बडवून खोली डोक्यावर घेतली. आनंदाने रेवतीचे डोळे भरून आले.

सरांनी फळ्यावरची यंत्राची यादी पुसली आणि खडूने सगळ्यात वर लिहिलं, 'डेलिया: रेवती खरात'.

पेटीच्या पडद्यावर बराच वेळ काहीच उमटलं नाही. मग एक ओळ आली: 'सगळे एकदम गप्प झाले. याचे गुण किती?'

सरांनी रेवतीकडे पाहिलं. ती डोळे पुसत हसली आणि पेटीला म्हणाली,

"गुण कुणी द्यायचे, ते आधी ठरवूया का?"