मधलं पेडल

नव्या घरी एकाच गाडीला जागा होती. एक ठेवायची, दुसरी भंगारात, म्हणून ताईंनी मिस्त्रींना बोलावलं. एक गाडी ताईंच्या वडिलांची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. दुसरी नवऱ्याची, तीसेक वर्षांनी धाकटी, रेडिओवाली. "तुम्ही म्हणाल ती ठेवू," ताई म्हणाल्या. पण हात म्हातारीच्याच बॉनेटवर होता. मिस्त्रींना त्यांची दया आली.

धाकटी अंगणात अगदी शहाण्यासारखी फिरली. म्हातारी मात्र दहादा हँडल मारल्यावर खोकत जागी झाली. जुन्या चामड्याचा, पेट्रोलचा कोंदट वास सुटला. तिची तऱ्हाच वेगळी: स्टीअरिंग डावीकडे, ॲक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजव्या टोकाला. मिस्त्रींना हे तोंडपाठ होतं, पण पायाला कोण समजावणार?

उतारावर भिंत समोर आली आणि त्यांनी सवयीने ब्रेक समजून मधलं पेडल दाबलं. गाडी उसळून सुटली. घाबरलेला पाय आणखीच दाबला गेला. तेवढ्यात उजवं पेडल... आपोआप खाली गेलं, रागावून दाबावं तसं. भिंतीपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. शेजारच्या रिकाम्या सीटवर कुणीतरी सुस्कारा सोडला...

मिस्त्री उतरून थेट गाडीखाली शिरले. ब्रेकचा दांडा मधोमध तुटलेला होता आणि दोन्ही टोकांवर जुनाट गंज चढला होता.

"ताई... हिला ब्रेकच नाही."

"ठाऊक आहे," ताई हळूच म्हणाल्या. "मीसुद्धा दर वेळी चुकते. बाबा शिकवायचे तेव्हा शेजारून पाय लांब करून ब्रेक दाबायचे. जित्याची खोड मेल्यावरही जात नाही, मिस्त्री."

मिस्त्रींच्या अंगावर काटा आला, पण ताईंच्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "हीच ठेवा. दांडा मी उद्या जोडून देतो."

ताईंनी त्यांचा हात धरला. "नको ना... ब्रेक लागायला लागला, तर बाबा कशाला येतील?"

मिस्त्रींनी आयुष्यात काम अर्धवट सोडलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पाने-पकडी तशाच पिशवीत भरल्या.

ते फाटकापाशी पोचले, तोच मागे इंजिन गरजलं. गाडी उतारावरून भिंतीकडे सुटल्याचं त्यांना नुसत्या आवाजावरून कळलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

आदळल्याचा आवाज काही आला नाही. आला तो हसण्याचा... दोघांच्या.