डाव्या बाजूचा क्लच

जरा जवळ सरका. आणि मध्ये कुणी हसायचं नाही, कारण ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला तो माझा सख्खा साडू आहे.

साडू प्लंबर. कंजूष इतका, की चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. त्याने ड्रायव्हिंग स्कूलची एक जुनी व्हॅन स्वस्तात उचलली. शिकवणारे मास्तर त्याच व्हॅनमध्ये, डाव्या सीटवर, शिकवता शिकवता गेले होते. अशा गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच असतो. त्यांनी दाबला की चालवणाऱ्याचाही आपोआप खाली जातो. ते जादा पेडल काढायला गॅरेजवाला वेगळे पैसे मागत होता, म्हणून साडूने तसंच राहू दिलं.

आठवड्याभरात गियर अडायला लागले. केबल बदलली, क्लच प्लेट नवी घातली. गॅरेजवाल्याने दिवसभर गाडीखाली झोपून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. गाडीत खोट नाही म्हणाला.

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. साडू शेवटच्या बसने येणाऱ्या वडिलांना आणायला गेला. म्हातारा ठार बहिरा, पण अंगाने काटक. परतताना साडेअकराच्या सुमाराला कालव्याजवळच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे घसरायला लागली. हँडब्रेक नावालाच होता. साडूने पायाचा ब्रेक दाबून धरला. वडील उतरले, चाकामागे लावायला दगड शोधायला.

साडूने इंजिन चालू केलं. पहिला गियर पडला. क्लच सोडला...

पाय वर आला. पेडल आलं नाही.

बुटाच्या टोकाने त्याने ते वर ओढून पाहिलं. हलेना. इंजिन नुसतं घुरघुरत होतं, चाकाला ओढ नाही. मग त्याने डावीकडे खाली पाहिलं.

तिकडचं पेडलही खाली होतं. तळापर्यंत. सीट रिकामी.

आरशात वडील दिसले. मागच्या चाकाशी, वाकलेले. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता. ब्रेकवरचा पाय काढला तर व्हॅन बापाच्या अंगावर. साडू मला म्हणाला, "दार हाताशी होतं, पण उतरता येत नव्हतं. रडूच आलं मला." ब्रेक दाबून दाबून पाय भरून आला. गाडी वीतभर मागे गेली. वडील वाकलेलेच...

"मास्तर," तो पुटपुटला, "सोडा ना."

पेडल तळाशीच.

किती वेळ गेला, त्याला ठाऊक नाही. मग डावं दार उघडलं. वडील. हात मातीने भरलेले. आत पाय टाकता टाकता ते थांबले. सीटकडे पाहत राहिले.

"बसा, बसा," ते म्हणाले. साडूला नाही. "मी बसतो मागे. पोराला तेवढं घरी जाऊ द्या."

दार लागलं. मागचं उघडलं... लागलं.

पेडल हळूहळू वर आलं.

दोघे सुखरूप घरी पोचले. वडील उतरून आत गेले. साडू गाडी बंद करायला वळला, तर डाव्या सीटचा पट्टा लावलेला. ढेरपोट्या माणसाला बसेल एवढा पुढे फुगलेला.

त्याने पट्ट्यावर बोट टेकवून दाबलं...

पट्टा दबला नाही.